दिलेली नोटीस परत मागताना

कोल्हापुरात नागाळा पार्कातून रमणमळ्याकडे उतार सुरू होतो, त्या बाजूच्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आम्ही जून २०१८ पासून ऑक्टोबर २०२३ पर्यंत भाड्याने राहिलो. घरमालक काका आणि काकू वरच्या मजल्यावर राहत. काका साखर कारखान्यात हिशेबनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले असल्यामुळे लाइट बिलापासून टाकीच्या सफाईपर्यंत प्रत्येक रकमेची नोंद त्यांच्या लांबट वहीत असे. या काळात आमचे सहा भाडेकरार झाले, प्रत्येक अकरा महिन्यांचा. कागदावर त्याचे नाव लिव्ह अँड लायसन्स असले तरी आपण सगळे त्याला भाडेकरारच म्हणतो. दर वेळी एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येई, काकांचा अंगठा पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत उमटत नसे, आणि चहा होईपर्यंत कराराची नोंदणी झालेली असे. सहाव्या करारात भाडे ११,५०० रुपये, अनामत ५०,००० रुपये आणि मुदत १ जानेवारी ते ३० नोव्हेंबर २०२३ अशी होती. तेरा पानांचा तो करार मी सही करताना वाचला नव्हता. ज्या दिवशी वाचायची वेळ आली त्या दिवशी त्यातले नोटिशीचे कलम मला तोंडपाठ व्हायची पाळी येईल, हे तेव्हा कोणाच्या मनात असणार?

घर सोडण्याचे कारण पंचगंगा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या बैठकीच्या खोलीत अडीच फूट पाणी होते. ते ओसरल्यावर काकांनी स्वतः खाली येऊन भिंतीवरच्या गाळाच्या कडेवर पट्टी धरून पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा उंबऱ्यापर्यंत आले. त्यानंतर दर पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की आमच्याकडे कपाटाचे खालचे खण रिकामे होत, आणि ४३ फुटांच्या धोका पातळीची बातमी येईपर्यंत सासूबाईंचे धान्याचे डबे काकूंच्या स्वयंपाकघरात पोचलेले असत. त्यामुळे घर घ्यायचे तर उंचावर, हे आमच्या घरात बिनविरोध ठरलेले होते. सम्राटनगरात दुसऱ्या मजल्यावरचा एक जुना फ्लॅट जुलैत पसंत पडला. किंमत ४६ लाख ठरली. मात्र १८ जुलैपासून अधिक श्रावण सुरू झाला होता, आणि सासूबाईंप्रमाणेच विकणाऱ्या गृहस्थांनाही अधिक महिन्यात विसार देणे-घेणे मान्य नव्हते. म्हणून निज श्रावण लागेपर्यंत, म्हणजे १७ ऑगस्टपर्यंत, सगळे थांबले. त्या महिनाभरात वकिलांनी फ्लॅटच्या मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च घेतला, एवढाच काय तो फायदा.

साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार, २८ ऑगस्टला नोंदवले. फ्लॅट एकट्या माझ्या नावावर घेतला, कारण खरेदीदार केवळ स्त्री असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि ४६ लाखांवर ती ४६,००० रुपये होते. यजमान कर्जाला सहकर्जदार राहिले. नोंदणी फी एक टक्का, पण तिला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा असल्यामुळे तेवढीच भरावी लागली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून बाहेर पडताना एजंट म्हणाले, "मॅडम, कर्जाचं काम पंधरा दिवसांत होतंय. गणपती नव्या घरात बसवा." गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. हे एकच वाक्य पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ आहे, पण त्याचा दोष मी एजंटांना देत नाही. ते वाक्य आम्हाला ऐकायचेच होते.

त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. कर्जाचा हप्ता सुरू झाल्यावर भाडेही भरायचे म्हणजे एका महिन्याचे साडेअकरा हजार वाया. करारात एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन दोघांपैकी कोणालाही करार संपवता येईल, अशी तरतूद होती. किमान इतके महिने राहिलेच पाहिजे अशी अट आमच्या करारात नव्हती. एक सप्टेंबरला नोटीस दिली तर तीस सप्टेंबरला घर मोकळे करता येते, पितृपक्ष २९ सप्टेंबरपासून आहे, म्हणजे त्याआधीच्या आठवड्यात सामान हलवले की झाले. वहीत हे सगळे इतके नेटके बसले की त्यात काही चूक असेल असे वाटलेच नाही.

नोटीस लिहायला मात्र मला दोन संध्याकाळी लागल्या. शाळेत रजेचे अर्ज आणि अहवाल लिहिण्यात माझा हातखंडा आहे, पण ज्या माणसाने महापुरात माझ्या मुलाला खांद्यावर बसवून जिना चढवला त्याला "आपणांस या पत्राद्वारे कळविण्यात येते की" असे कसे लिहावे? पहिल्या मसुद्याची सुरुवात "ती. काकांस सा. न." अशी झाली आणि दुसऱ्याच परिच्छेदात ते पत्र आभारपत्र होऊन बसले. यजमानांनी ते वाचून, यात घर कधी सोडणार ते कुठेच नाही, एवढेच सांगितले. अखेर मी दोन कागद केले. एक कोरडा, सात ओळींचा: कराराची तारीख आणि दस्त क्रमांक, पूर्वसूचनेच्या कलमाचा उल्लेख, घर ३० सप्टेंबर २०२३ रोजी रिकामे करून ताबा देऊ हे वाक्य, अनामत रक्कम त्याच दिवशी हिशेबाने परत मिळावी ही विनंती, आणि सही. दुसरा कागद काका-काकूंसाठी, तो इथे सांगण्याचा विषय नाही. नोटिशीच्या दोन प्रती काढल्या आणि शुक्रवारी, एक सप्टेंबरला, शाळेतून आल्यावर वर गेले. मुदत नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजायची असल्यामुळे ती त्याच दिवशी हातात पडणे महत्त्वाचे होते. एरवी घरमालक परगावी असते तर पोचपावतीसह रजिस्टर टपालच करावे लागले असते.

काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "बाई, एवढं लिवून द्यायची काय गरज होती? खालनं हाक मारली असती तरी ऐकलं असतं की." मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणत. पण हिशेबनीस तो हिशेबनीसच. माझ्या प्रतीवर "मूळ प्रत मिळाली" असे लिहून, खाली सही, तारीख आणि वेळसुद्धा घालून त्यांनी ती परत दिली. काकूंनी साखर हातावर ठेवली. घर घेतले म्हणून त्यांना झालेला आनंद खरा होता, आणि दहा सप्टेंबरपर्यंत गारगोटीकडच्या एका तरुण जोडप्याकडून पाच हजार रुपये आगाऊ घेऊन काकांनी एक ऑक्टोबरपासून घर त्यांना कबूल केले, तेही रीतीला धरूनच होते.

इकडे कर्जाचे काम पहिल्या टप्प्यात खरोखरच भरभर झाले. आमच्या बँकेचे मंजुरीपत्र १२ सप्टेंबरला आले. अडचण विकणाऱ्यांच्या बाजूला होती. त्यांच्या फ्लॅटवर दुसऱ्या एका बँकेचे सुमारे नऊ लाखांचे कर्ज बाकी होते आणि मूळ कागदपत्रे, म्हणजे बिल्डरकडून घेतल्याचा पहिला दस्त, त्याची पावती, सूची क्रमांक दोन म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा, हे सगळे त्या बँकेकडे तारण होते. अशा व्यवहाराची रीत अशी की खरेदीदाराची बँक आधी तेवढी रक्कम थेट त्या बँकेला देऊन जुने कर्ज बंद करते, मूळ कागद मोकळे होऊन आपल्या ताब्यात येण्याची वाट पाहते, आणि मगच खरेदीखताच्या वेळी उरलेली रक्कम सोडते. आमच्या बँकेने १५ सप्टेंबरला नऊ लाखांचा धनाकर्ष (डीडी) दिला. विकणारे गृहस्थ तो घेऊन त्यांच्या शाखेत गेले, खाते बंद झाले, आणि कागद कधी मिळतील असे विचारल्यावर तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले की कागद कोल्हापुरात नसतात, मुंबईच्या भांडारात असतात, आणि यायला एकवीस दिवस लागतात. कामकाजाचे एकवीस दिवस. मध्ये गणपतीची सुट्टी, दोन ऑक्टोबरची सुट्टी, रविवार, दुसरा-चौथा शनिवार. मी स्टाफरूममधल्या कॅलेंडरवर बोटाने मोजत गेले तेव्हा बोट ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन थांबले.

योगायोग असा की त्याच आठवड्यात, १३ सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले होते. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत द्यावीत आणि बँकेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असे त्यात होते. यजमानांनी ती बातमी कापून विकणाऱ्यांना मोठ्या उत्साहाने दाखवली. पण एक तर तो नियम १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना लागू होणार होता, आणि दुसरे म्हणजे त्याच्या हिशेबानेही विकणाऱ्यांची बँक तीस दिवसांच्या आतच होती. कोणाकडूनच काही चुकलेले नव्हते. चुकले होते ते एवढेच की साठेखत आणि ताबा यांच्यामध्ये किती माणसे, किती टेबले आणि किती तारखा असतात याचा विचार न करता मी नोटिशीवर तारीख घातली होती.

गणपती नागाळा पार्कातच बसला. मी करार पुन्हा काढला आणि या वेळी तेरा पाने ओळन् ओळ वाचली. तेव्हा जे कळले त्याने झोप उडाली. करार ३० नोव्हेंबरपर्यंत होता. मी काहीच केले नसते तर तोपर्यंत त्या घरात राहण्याचा आमचा हक्क अबाधित होता. काकांनी नोटीस देऊन करार संपवायचे मनात आणले असते तरी महिन्याभराची मुदत मिळालीच असती. ती ढाल मी स्वतःच्या हाताने, दोन प्रतींत, सही करून खाली ठेवली होती. शिवाय दिलेली नोटीस आपल्याला वाटले म्हणून एकतर्फी मागे घेता येत नाही, समोरच्याची संमती लागते, असे वकिलांनी सांगितले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे परवान्याची, म्हणजे आपल्या भाडेकराराची, मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते, हेही त्यांनी जाता जाता ऐकवले. काका आमच्यावर असले काही लावतील ही शक्यता शून्य होती. पण आपण कायद्याच्या कुठल्या बाजूला उभे आहोत हे कळल्यावर जिना चढताना पाय जड होतात.

बावीस सप्टेंबरच्या संध्याकाळी मी वर गेले. आरती नुकतीच झाली होती. मी सगळे सांगितले आणि महिनाभर मुदतवाढ मागितली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, तुमचं खरं हाय. पर मी त्या पोरांना शब्द दिलाय. पैसे घेतल्यात." वही उघडून त्यांनी ती नोंदही दाखवली: तारीख, पाच हजार, रोख, एक ऑक्टोबर. मला त्यांचा राग आला नाही असे म्हटले तर खोटे होईल. पाच वर्षांचा शेजार एका बाजूला आणि दहा दिवसांपूर्वीचे पाच हजार दुसऱ्या बाजूला, असे त्या क्षणी मनात आलेच. खाली आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्यांनी शब्द मोडला असता तर उद्या तुला दिलेलाही मोडला असता," आणि त्या निरंजन पुसायला निघून गेल्या.

वाट निघाली ती मला कधीच सुचली नसती अशा ठिकाणाहून. दोन दिवसांनी गारगोटीचे जोडपे घर पुन्हा पाहायला आले. सोबत मुलाचे वडील होते. त्यांनी खोल्या पाहिल्या, भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघेसमोर थांबून तारीख वाचली, आणि मग काकांना विचारले की एक तारखेला तर पितृपक्ष आहे, मग पोरांनी नव्या जागेत पाऊल कसे टाकायचे? त्यांना घटस्थापनेला, म्हणजे पंधरा ऑक्टोबरला यायचे होते. फक्त मधल्या दिवसांचे भाडे भरावे लागेल म्हणून ते संकोचत होते. ज्या पितृपक्षाच्या धास्तीने मी घाईघाईने नोटीस दिली त्याच पितृपक्षाने आम्हाला चौदा दिवस मिळवून दिले. काकांचा शब्दही राहिला आणि भाडेही बुडाले नाही. मी लगेच दुसरा कागद केला: एक सप्टेंबरच्या नोटिशीतील ३० सप्टेंबर या तारखेऐवजी १४ ऑक्टोबर ही तारीख उभयतांच्या संमतीने ठरली आहे, बाकीच्या अटी कायम. या वेळी दोघांच्या सह्या झाल्या, आणि लिवून द्यायची काय गरज होती असे काकांनी विचारले नाही.

तरीही नऊ-दहा दिवसांचे भगदाड उरलेच. मूळ कागद ११ ऑक्टोबरला आले, पण सर्वपित्री अमावास्येच्या आत खरेदीखत करायला विकणारे तयार नव्हते, आणि आमच्याही घरातून त्यांना पाठिंबाच मिळाला असता. तेरा आणि चौदा ऑक्टोबरला आम्ही सामान बांधले. काकांनी वरचा हॉल मोकळा करून दिला आणि दोन हमालांनी २,४०० रुपयांत कपाटे, पलंग, पुस्तकांची खोकी जिन्याने वर नेली. पुराच्या भीतीने जे सामान आम्ही पाच पावसाळे वर नेत होतो ते या वेळी कोरड्या ऑक्टोबरात वर गेले. सासूबाईंच्या मते पितृपक्षात घर सोडायला हरकत नव्हती, फक्त नव्यात शिरायला होती. आम्ही चौघे कपड्यांच्या तीन बॅगा घेऊन फुलेवाडीला नणंदेकडे गेलो. सहामाही परीक्षा सुरू होती, आणि सातवीच्या एका तुकडीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधाबांधीत खोक्यात जाऊन वरच्या हॉलमध्ये अडकला, तो शोधायला मी आणि काकू अर्धा रविवार खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या उचकटत होतो. त्याच वेळी खाली गारगोटीच्या मुलीने दारात रांगोळी काढली होती.

खरेदीखत बुधवारी, १८ ऑक्टोबरला झाले. साठेखतालाच पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेले असल्यामुळे त्या दिवशी किरकोळ खर्चात काम झाले. शुक्रवारी उरलेली रक्कम विकणाऱ्यांच्या खात्यात दिसली, तेव्हा त्यांनी ताबा पावतीवर सही करून चाव्या दिल्या. त्यापूर्वी मी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला, घरफाळ्याची आणि सोसायटीच्या देखभाल खर्चाची शेवटची पावती मागून घेतली. एव्हाना कागद न वाचण्याची माझी सवय पुरती मोडली होती. चोवीस तारखेला, दसऱ्याला, गृहप्रवेश केला. टेम्पो आणि हमाल यांचे पुन्हा ८,००० रुपये झाले. दोनदा सामान हलवायला १०,४०० रुपये गेले, चौदा दिवसांचे जादा भाडे वेगळेच, आणि हे सगळे एका महिन्याचे साडेअकरा हजार वाचवण्यासाठी.

अनामतीचा हिशेब काकांनी चौदा तारखेलाच मांडला होता. ऑक्टोबरच्या चौदा दिवसांचे भाडे, ११,५०० भागिले ३१ गुणिले १४, म्हणजे ५,१९४ रुपये. लाइट बिल १,३८६. रंगाचे त्यांनी ९,००० लावले होते. इथे मी अडून बसले, कारण करारात "नैसर्गिक झीज वगळून" असे शब्द होते आणि दोन भिंतींचे पोपडे आमच्यामुळे नव्हे, पुराच्या ओलीने आले होते. स्वयंपाकघरातली तेलकट भिंत आणि मुलाच्या खोलीतले खिळे मात्र मी मान्य केले. बोलाचाली होऊन ६,००० वर आलो. ५०,००० मधून १२,५८० वजा जाऊन ३७,४२० रुपयांचा धनादेश मिळाला. घराचा रिकामा ताबा मिळाला, अनामत हिशेबाने परत केली, आता एकमेकांकडे काही येणे-देणे नाही, अशा चार ओळी लिहून दोघांनी सह्या केल्या. तो कागद पहिल्या नोटिशीच्या प्रतीला टाचणीने जोडून मी ठेवला आहे. रंगाऱ्याने पुढे सगळी भिंत रंगवली, पण पुराची रेघ आणि तारीख तेवढी काकांनी सोडायला लावली.

डिसेंबरमध्ये एका रविवारी काकांचा फोन आला. गारगोटीच्या मंडळींचा करार अजून नोंदवायचा राहिला होता आणि त्याचा मसुदा एजंटने पाठवला होता, तो मी एकदा वाचून द्यावा अशी त्यांची इच्छा होती. पूर्वसूचनेच्या कलमाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती: एकदा दिलेली नोटीस मालकाच्या लेखी संमतीशिवाय मागे घेता येणार नाही. मी "संमती" या शब्दाची वेलांटी ऱ्हस्व होती ती दीर्घ केली, "मालकाच्या" ऐवजी "दुसऱ्या पक्षाच्या" असे सुचवले, आणि मसुदा परत पाठवला. काकांनी वेलांटी ठेवली. दुसरी दुरुस्ती केली नाही.